सरदार होत तो...



विषय जाहीर झाल्यापासून दोघा-तिघांनी मला फोन करून विचारलं, ‘‘काय हो, बडोद्यात उभं राहून सरदार पटेलांवर बोलणार, जरा जपून बोला.’’ काळजीबद्दल त्यांचे आभार. पण हा विषय मी निवडलेला नाही. तो लहानपणापासून आमच्या घराच्या ओट्यावर येऊन बसलेला आहे.

दांडिया बाजारात आमचं घर. संध्याकाळी आजोबा ओट्यावर बसत आणि शेजारचे काका, चरोतरातले पाटीदार, तपकिरीची डबी घेऊन समोर येत. गहू महागला, नळाला पाणी आलं नाही, चीनने हल्ला केला, काहीही झालं तरी काकांचं एक वाक्य ठरलेलं असे: ‘‘सरदार होत तो आ दहाडो ना आवत.’’ आजोबा पानाला चुना लावता लावता म्हणायचे, ‘‘अहो, सरदार होतेच की.’’ काका हसायचे आणि विषय तिथेच थांबायचा. आजोबांच्या त्या तीन शब्दांत काय होतं, हे कळायला मला निम्मं आयुष्य लागलं. शाळेत छत्तीस वर्षं इतिहास शिकवूनही दर वर्षी एखादा विद्यार्थी तोच प्रश्न विचारायचा आणि मी पुस्तकी उत्तर देऊन घंटेची वाट पाहायचो. आज ते उत्तर जरा सावकाश द्यावं म्हणतो.

आपल्या मराठी माणसाला जर-तरचं वेड जुनंच आहे. विश्वासराव पानिपतावर पडले नसते तर? थोरले माधवराव सत्ताविसाव्या वर्षी गेले नसते तर? जयंत नारळीकरांनी तर ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ अशी सबंध विज्ञानकथाच त्यावर लिहिली. स्वतंत्र भारताचा पहिला पंतप्रधान कोण व्हायला हवा होता, असं विचारलं की आपल्या बैठकीत कुणीतरी टिळकांचं नाव घेतो, कुणी गोखल्यांचं. तिथे मात्र साधं वजाबाकीचं गणित आडवं येतं. टिळक १८५६ चे, म्हणजे १९४७ साली एक्याण्णव वर्षांचे झाले असते. गोखले अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, १९१५ साली गेले. जगते तर एक्याऐंशी वर्षांचे असते. तेव्हा ती नावं बाजूला ठेवू. जर-तरच्या खेळाचा एक नियम पाळला तरच तो खेळण्यात अर्थ आहे: पटावरची एकच सोंगटी हलवायची, आणि तीही खरोखर हलू शकत होती अशी. बाकी सगळा पट होता तसाच राहू द्यायचा.

अशी हलू शकणारी सोंगटी एकच दिसते, आणि तिची तारीखही ठाऊक आहे. १९४६ चा एप्रिल महिना.

मौलाना आझाद १९४० च्या रामगढ अधिवेशनापासून काँग्रेसचे अध्यक्ष होते. मध्ये ‘चले जाव’ आलं, तुरुंग आला, म्हणून निवडणूकच झाली नव्हती. आता ब्रिटिश मंत्रिमंडळाचं शिष्टमंडळ दिल्लीत येऊन बसलं होतं. सत्ता द्यायची हे ठरलेलं होतं, कशी आणि कुणाला एवढंच बाकी होतं. या वेळी जो काँग्रेसचा अध्यक्ष होईल त्यालाच व्हाइसरॉय सरकार बनवायला बोलावणार, हे लहान मुलालाही दिसत होतं. त्यामुळे ती पक्षाची निवडणूक असली तरी खुर्ची देशाची होती. प्रदेश समित्यांनी नावं सुचवायची मुदत होती २९ एप्रिल. सर्वसाधारणपणे दिला जाणारा आकडा असा की पंधरा समित्यांपैकी बारांनी वल्लभभाईंचं नाव सुचवलं. जवाहरलालांचं नाव एकाही समितीने सुचवलं नाही. गांधीजींची इच्छा मात्र जवाहरलालांची होती आणि ती गुप्त नव्हती. आपला वारस राजाजी नव्हे, वल्लभभाई नव्हे, जवाहरलाल, असं त्यांनी जानेवारी १९४२ मध्ये वर्ध्याला, भर महासमितीत सांगून टाकलं होतं. कृपलानींनी कार्यकारिणीतल्या लोकांकडून जवाहरलालांचं नाव सुचवून घेतलं, स्वतःचं मागे घेतलं, आणि मग वल्लभभाईंनीही आपलं नाव मागे घेतलं.

वल्लभभाईंनी असं पहिल्यांदा केलं नव्हतं. १९२९ साली लाहोर काँग्रेसच्या वेळी हेच, आणि १९३६ साली आपल्या खानदेशातल्या फैजपूरच्या वेळी पुन्हा हेच. तीन वेळा ताट समोर आलं आणि तीन वेळा त्यांनी ते शेजारच्याच माणसापुढे सरकवलं. तिसऱ्या वेळी त्यांचं वय सत्तर होतं. चौथी वेळ येणार नाही हे त्यांना कळत नसेल असं मला वाटत नाही.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही, कारण ती आपल्या नगरची आहे. त्या वेळी ज्यांची ज्यांची नावं घेतली गेली, वल्लभभाई, जवाहरलाल, कृपलानी, पट्टाभी सीतारामय्या आणि मावळते अध्यक्ष मौलाना, ही सगळी मंडळी ऑगस्ट १९४२ पासून जवळजवळ तीन वर्षं अहमदनगरच्या किल्ल्यात एकत्र कोंडलेली होती. एकच अंगण, एकच जेवणाची पंगत. जवाहरलाल तिथे बागेत खणत आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहीत. मौलाना पहाटे उठून स्वतःच्या हाताने चहा करत आणि त्या चहावर उर्दूत पत्रं लिहीत. तिकडे कलकत्त्यात त्यांची पत्नी वारली, तिचं शेवटचं दर्शनसुद्धा त्यांना घडलं नाही. वल्लभभाई आतड्याच्या दुखण्याने हैराण होते. कोण उतावळा, कोण हट्टी, कुणाची तब्येत किती टिकेल, हे त्या माणसांना एकमेकांबद्दल जेवढं ठाऊक होतं तेवढं आपल्याला एकाही कागदपत्रातून कळणार नाही. म्हणून १९४६ साली कुणी कुणाला फसवलं, अशा थाटाची चर्चा ऐकली की मला नगरचा तो किल्ला आठवतो. ती माणसं परस्परांना फसवण्याच्या पलीकडे गेली होती.

आता सोंगटी हलवू. वल्लभभाई नाव मागे घेत नाहीत. गांधीजी मान डोलावतात. जुलैत मुंबईच्या महासमितीत मौलानांकडून अध्यक्षपदाची सूत्रं वल्लभभाई घेतात. पुढे काय?

पहिला फरक लगेच, चार दिवसांत पडतो. प्रत्यक्षात जवाहरलालांनी १० जुलैला मुंबईत पत्रकारांसमोर सांगितलं की घटना समितीत जाण्यापलीकडे आम्ही कशालाच बांधलेलो नाही. जिनांना हवं ते निमित्त मिळालं. त्याच महिन्याच्या अखेरीस, मुंबईतच, लीगने योजनेला दिलेली मान्यता काढून घेतली आणि १६ ऑगस्टला कलकत्त्यात रक्ताचा सडा पडला. वल्लभभाई असं बोलले नसते, हे मी बऱ्याच खात्रीने म्हणतो. त्याच जुलैच्या शेवटी द्वारकाप्रसाद मिश्रांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी जवाहरलालांच्या भाबड्या उतावळेपणाबद्दल नाराजी लिहून ठेवली आहे, आणि त्यातच त्यांची बाजूही घेतली आहे. मौलानांनी मागाहून आत्मकथनात आपल्या चुका मोजल्या, त्यांत वल्लभभाईंना पाठिंबा न देणं ही एक मोजली, ती याच हिशेबाने. पण म्हणून फाळणी टळली असती का? मला वाटत नाही. ज्यांना ते वाटतं त्यांनी एवढं लक्षात घ्यावं की काँग्रेसच्या थोर नेत्यांत फाळणी अटळ आहे हे सर्वांत आधी मनाशी मान्य करणाऱ्यांत खुद्द वल्लभभाई होते. उलट एप्रिल १९४७ मध्ये माउंटबॅटनसमोर ‘जिनांनाच सरकार बनवू द्या’ म्हणणारे गांधीजी होते, आणि त्या सूचनेला वल्लभभाई आणि जवाहरलाल या दोघांनीही थारा दिला नाही. म्हणजे या एका बाबतीत दोन खुर्च्यांची अदलाबदल करून हाती फारसं लागत नाही.

आता आपल्या घरचा प्रश्न. संस्थानांचा.

तुम्ही आम्ही इथे बसलेले बहुतेक लोक संस्थानी प्रजा. बडोद्याचे, ग्वाल्हेरचे, इंदूरचे, देवासचे, धारचे, हैदराबादचे. आपल्या पूर्वजांना त्या बारा-पंधराच्या हिशेबात जागाच नव्हती, कारण प्रदेश काँग्रेस समित्या मुख्यतः ब्रिटिश मुलखाच्या. संस्थानांत प्रजामंडळं होती आणि त्यांची अखिल भारतीय प्रजा परिषद होती. तिचे अध्यक्ष कोण होते? १९३९ च्या लुधियाना अधिवेशनापासून जवाहरलाल. संस्थानी प्रजेने ज्याला आपला पुढारी मानलं तो माणूस नेहरू होता, हे आपण साफ विसरतो. एप्रिल १९४७ मध्ये याच परिषदेसाठी ते ग्वाल्हेरला आले आणि जी संस्थानं घटना समितीत येणार नाहीत त्यांना शत्रू मानलं जाईल, असं त्यांनी जाहीर सभेत बजावलं. टाळ्या खूप पडल्या असतील. राजवाड्यांत मात्र दिवे रात्रभर जळले असतील. आपल्या बडोद्याला त्याचं भय नव्हतं. बडोद्याने घटना समितीत जाण्याचं आधीच ठरवलं होतं आणि २८ एप्रिललाच बडोद्याचे प्रतिनिधी तिथे जाऊन बसले. पण इतर पाचशेसाडेपाचशे संस्थानांचं काय?

५ जुलै १९४७ ला संस्थान खातं उभं राहिलं, ते वल्लभभाईंकडे. सचिव व्ही. पी. मेनन. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढी तीनच खाती द्या, बाकी तुमचं तुमच्याकडे, अशा गोड बोलीने सुरुवात झाली, आणि दोन वर्षांत बाकीचंही आलं. तनखे ठरले, राजप्रमुख नेमले गेले, कुणाला झेंडा, कुणाला तोफांची सलामी राहिली. हे काम ज्या थंड डोक्याने झालं ते थंड डोकं वल्लभभाईंचं. ते पंतप्रधान असते तर हे खातं त्यांनी आपल्याकडेच ठेवलं असतं असं आपण धरून चालतो. ठेवलं असतंही. गृहखातंही ठेवलं असतं. परराष्ट्र खातं जवाहरलालांना दिलं असतं, कारण त्या कामाला दुसरा माणूस नव्हता. काकासाहेब गाडगीळ होते तसेच मंत्रिमंडळात असते, बाबासाहेब आंबेडकर होते तसेच कायदामंत्री. म्हणजे बघा, माणसं तीच, खातीही जवळजवळ तीच, फक्त टेबलाच्या टोकाची खुर्ची वेगळी. इथपर्यंत काकांचं म्हणणं बिनधोक चालतं.

मग ३० जानेवारी १९४८ येतो.

त्या संध्याकाळी गांधीजींना भेटायला गेलेले शेवटचे मोठे पाहुणे वल्लभभाई होते. बरोबर मणिबेन. बोलणं चाललं होतं तेही नेहरू आणि पटेल यांच्यातल्या मतभेदांबद्दल. बोलण्याच्या भरात पाच वाजून गेले, प्रार्थनेला उशीर झाला, म्हणून गांधीजी लगबगीने बाहेर पडले. वल्लभभाई घरी पोचतात न पोचतात तोच बातमी आली.

नंतरचे आठवडे आठवा. महाराष्ट्रात पुणे, सातारा, कोल्हापूरकडे घरं जळत होती. मारेकरी मराठी ब्राह्मण, म्हणून वाडेच्या वाडे पेटवले गेले. इथल्या कित्येकांचे नातेवाईक त्या आगीतून नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडले आहेत. आणि दिल्लीत बोट दाखवलं जात होतं गृहमंत्र्यांकडे. दहा दिवस आधीच प्रार्थनासभेत बाँब फुटला होता, एक इसम जिवंत हाती लागला होता, मग बापूंना वाचवता कसं आलं नाही? जयप्रकाशांसारखे लोक उघड विचारत होते. वल्लभभाईंनी राजीनामा लिहिला. तो त्यांच्या हातून पुढे गेला नाही, कारण जवाहरलालांनीच त्यांना जवळ केलं. दोघांत फेब्रुवारीच्या सुरुवातीला झालेला पत्रव्यवहार वाचला की आजही घसा दाटतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात वल्लभभाईंना हृदयविकाराचा झटका आला.

आता आपली हलवलेली सोंगटी तिथे ठेवून बघा. वल्लभभाई पंतप्रधान आहेत आणि गृहमंत्रीही आहेत. गांधीजी मारले गेले आहेत. बोट आता दोन माणसांत वाटलं जात नाही. ‘मी आहे, तुम्ही थांबा’ असं म्हणणारा वरचा कुणी नाही, कारण वरचे ते स्वतःच. अशा वेळी वल्लभभाई खुर्चीला चिकटून राहिले असते? ज्या माणसाने तीन वेळा ताट सरकवलं तो? माझा अंदाज असा आहे, आणि हा केवळ अंदाज आहे, की फेब्रुवारी किंवा मार्च १९४८ मध्ये सरदार पटेल पंतप्रधानपदावरून पायउतार झाले असते आणि जवाहरलाल नेहरू पंतप्रधान झाले असते.

त्याचा अर्थ काय होतो तो आपल्या कॅलेंडरवर मांडतो. मध्य भारत संघ, ग्वाल्हेर आणि इंदूरचा, २८ मे १९४८ ला झाला. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख, यशवंतराव होळकर उपराजप्रमुख, राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. तो अजून व्हायचा होता. हैदराबादची पोलिस कारवाई सप्टेंबर १९४८ ची, १३ ते १७ तारखेची. ती व्हायची होती. कोल्हापूर १ मार्च १९४९ ला विलीन झालं, बडोदा १ मे १९४९ ला. तेही व्हायचं होतं. ज्या कामासाठी आपण सरदारांना पंतप्रधान करू पाहतो, त्यातला अर्ध्याहून अधिक मोलाचा भाग तोवर झालेलाच नव्हता. दुसऱ्या खुर्चीवर होते म्हणूनच ते त्या फेब्रुवारीतून तरले, असं मला वाटतं. हा निष्कर्ष मी पहिल्यांदा मनाशी काढला तेव्हा मला स्वतःलाच तो आवडला नव्हता. ओट्यावरच्या काकांना तर तो मुळीच आवडला नसता.

बरं, माझा अंदाज चुकला असं धरा. राजीनामा नाही, सरदार पंतप्रधान राहतात. तरी १५ डिसेंबर १९५० कुणाला चुकवता येणार? मुंबईत ते गेले तेव्हा घटना अंमलात येऊन वर्षही पुरं झालं नव्हतं आणि पहिली सार्वत्रिक निवडणूक अजून व्हायची होती. ऑगस्ट १९४७ पासून मोजले तर तीन वर्षं चार महिने. नोव्हेंबर १९५० मध्ये तिबेट आणि चीनबद्दल त्यांनी जवाहरलालांना लिहिलेलं पत्र आज सगळे दाखवतात, आणि दाखवण्यासारखंच आहे ते. पण त्या पत्रानंतर त्यांना सव्वा महिनाही मिळाला नाही. ते पंतप्रधान असते तर चीनचं धोरण सव्वा महिन्यात किती वळतं? आणि १६ डिसेंबरला सकाळी त्या खुर्चीवर कोण बसलं असतं, हे सांगायला गंगाधरपंत नकोत.

काश्मीर आणि गोव्याबद्दल प्रश्न येतील म्हणून थोडक्यात. काश्मीरचा प्रश्न १ जानेवारी १९४८ ला राष्ट्रसंघात गेला; सरदार पंतप्रधान असते तर कदाचित गेला नसता. तिथे काकांना मी अर्धा गुण देतो. पुरा देत नाही, कारण १९४७ च्या उन्हाळ्यात काश्मीर पाकिस्तानात गेलं तरी आकांडतांडव करायचं नाही अशी त्यांची वृत्ती होती, ती जुनागढनंतर पालटली. गोव्याची गोष्ट वेगळी. तिथल्या पोर्तुगीज कारभाराला १९५० साली कुणीही हात लावला असता तरी प्रश्न दिल्लीपेक्षा लिस्बनचा अधिक होता. गोव्याहून आलेले पाहुणे माझ्याशी वाद घालतील, त्यांनी तो चहाच्या वेळी अवश्य घालावा.

आता ज्या भागासाठी मी खरं तर हा विषय घेतला, तिथे येतो. भाषावार प्रांत.

मे १९४६ मध्ये, वल्लभभाईंनी नाव मागे घेतल्याला दोन-तीन आठवडे झाले असतील नसतील, बेळगावला माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. दिल्लीत खुर्ची ठरत होती आणि बेळगावात नकाशा. १९२० च्या नागपूर अधिवेशनापासून काँग्रेसने स्वतःची घडी भाषेवरच बसवली होती. ज्या प्रदेश समित्यांनी सरदारांचं नाव सुचवलं त्यांच्या हद्दी भाषेच्या हद्दी होत्या. काँग्रेसच्या त्या नकाशात बेळगाव तेव्हाही कर्नाटकात होतं. मग स्वराज्य आलं आणि डिसेंबर १९४८ मध्ये जयपूरला तिघांची समिती नेमली गेली. जवाहरलाल, वल्लभभाई, पट्टाभी. एप्रिल १९४९ मध्ये त्यांनी सांगितलं की तूर्त भाषावार प्रांत नकोत, आंध्राचा तेवढा विचार करता येईल. त्या कागदावर नेहरू आणि पटेल या दोघांच्याही सह्या आहेत. या एका बाबतीत दोघांत तसूभर फरक नव्हता. आणि त्यानंतर महिन्याभरातच बडोदा मुंबई प्रांतात आलं.

या योगायोगाकडे जरा थांबून बघा. १ मे १९४९ ते ३१ ऑक्टोबर १९५६, साडेसात वर्षं, बडोदा, पुणे, कोल्हापूर आणि बेळगाव एका राज्यात होती. बडोद्याचा मराठी माणूस आणि बेळगावचा मराठी माणूस एकाच मुंबई सरकारचे नागरिक होते. आपल्या इतिहासात त्याआधी कधी नाही, त्यानंतर कधी नाही. दोघंही आपापल्या गावी अल्पसंख्य होते, पण राज्यात एकटे नव्हते. आपल्याकडे कुणी त्याचं वर्धापनदिन करत नाही. का करत नाही? कारण बेळगावच्या माणसाला ते राज्य अपुरं वाटत होतं, त्याला मराठी राज्य हवं होतं. आणि बडोद्याच्या माणसाला तर ते आपल्या संस्थानाच्या राखेवर उभं राहिलेलं दिसत होतं.

पुढे १५ डिसेंबर १९५२ ला पोट्टी श्रीरामुलू उपोषणात गेले. सरदारांच्या मृत्यूला त्या दिवशी बरोबर दोन वर्षं झाली होती. चार दिवसांत आंध्राची घोषणा झाली आणि मग बांध फुटला. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूरला गेलं, हैदराबादचे तीन तुकडे झाले, मध्य भारत मध्य प्रदेशात मिसळला. मुंबईत गोळ्या चालल्या, शंभरावर माणसं गेली, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, गुजरात झाला. विलीनीकरणाची तारीख तीच, वर्ष अकरावं. गुजरातचे पहिले मुख्यमंत्री जीवराज मेहता; बडोदा विलीन झालं तेव्हा इथल्या कारभाराची सूत्रं त्यांच्याच हाती होती.

तेव्हा ‘सरदार असते तर’ हा प्रश्न बडोद्याच्या मराठी माणसाने विचारला तर त्याचा अर्थ वेगळा, बेळगावच्या माणसाने विचारला तर वेगळा. सरदार जगते आणि १९४९ च्या त्या कागदावर ठाम राहते, तर आपण बडोदेकर कदाचित आजही पुण्या-मुंबईच्याच राज्यात असतो. मनाच्या कोपऱ्यात हे आपल्याला बरं वाटतं, नाही म्हणू नका. आणि संयुक्त महाराष्ट्र मात्र झाला नसता, किंवा आणखी किती हुतात्मे घेऊन झाला असता कोण जाणे. ज्या ‘जर’ने माझं घर भरतं त्याच ‘जर’ने माझ्या सीमाभागातल्या भावाचं आंदोलन मोडतं. एकाच भाषेच्या दोन माणसांना एकच पंतप्रधान हवासा वाटू नये, अशी आपली वस्ती आहे.

आजोबांचं सांगतो आणि थांबतो. ते गायकवाडी महसूल खात्यात कारकून होते. सुभा, प्रांत, महाल, वहिवाटदार या शब्दांत त्यांचं आयुष्य गेलं. १ मे १९४९ ला वहिवाटदाराचा मामलतदार झाला, महालाचा तालुका झाला. आजोबांना नवे शब्द लिहायला अडचण नव्हती, बोलताना मात्र ते शेवटपर्यंत ‘महाल’च म्हणत. १९५१ साली त्यांची बदली बेळगाव जिल्ह्यात झाली, कारण आता राज्य एकच. तिथून त्यांनी आजीला लिहिलेली पत्रं माझ्याकडे आहेत. एकात लिहिलंय, इथे भाजीवाली कानडीत भाव सांगते आणि मराठीत भांडते, त्यामुळे परकं वाटत नाही. १९५६ च्या दिवाळीच्या सुमारास त्यांना परत बोलावण्यात आलं, कारण आता राज्य दोन झाली होती. चार वर्षांनी तिसऱ्यांदा राज्य बदललं, तेव्हा ते ओट्यावरच बसलेले होते. या खेपेला ते कुठे गेले नाहीत, राज्यच गेलं.

वल्लभभाई शाळकरी वयात पेटलादला शिकले, ते पेटलाद गायकवाडीतलं. मग थोडे दिवस इथे बडोद्याच्या शाळेत होते. सयाजीरावांच्या राज्यात शिकलेल्या मुलाने पुढे त्या राज्याची किल्ली फिरवली. आजोबांना हे ठाऊक होतं आणि त्यात त्यांना विपरीत काही वाटत नसे. त्यांच्या खोलीत सयाजीराव महाराजांची तसबीर होती, आणि तिच्या खाली, जरा लहान, सरदारांची. काका यायचे, आधी खालच्या तसबिरीला नमस्कार करायचे, मग वरच्या. आजोबा उलट्या क्रमाने करायचे. त्यावरून त्यांच्यात कधी बोलणं झाल्याचं मला आठवत नाही.

या व्याख्यानाच्या निमित्ताने एक विनंती. ज्यांच्या घरी १९४९ ते १९६० च्या काळातले सरकारी नोकरीचे कागद असतील, बदलीचे हुकूम, सेवापुस्तकं, पत्रं, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. बेळगावच्या, ग्वाल्हेर-इंदूरच्या आणि हैदराबादच्या मंडळींनीही आपापल्या माळ्यावर बघावं. आजोबांचा बेळगावच्या बदलीचा हुकूम मी आज बरोबर आणला आहे. मागच्या बाजूला आजीने वाण्याच्या सामानाची यादी लिहिली आहे, पण पुढची अक्षरं अजून वाचता येतात. बाहेर टेबलावर ठेवतो, ज्यांना पाहायचा असेल त्यांनी पाहावा.